ओयेलारान सरांचा गरजणारा इन्व्हर्टर

"काय काय चालवायचंय, सर?" दुकानदाराने विचारले.

"अल्हाजी लामिदींच्या इन्व्हर्टरवर काय काय चालतं?" ओयेलारान सरांनी उलट विचारले.

"पंखे, टीव्ही, फ्रीज, पाण्याचा पंप."

"मग ते सगळं चालवून वर अल्हाजींनाही उचलेल, असा दाखव."

ओयेलारान सर नायजेरियातल्या इबादानच्या एका शाळेतून उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. मुख्याध्यापक होता आले नाही, त्याचा वचपा ते गल्लीवर काढत. समोरच्या अल्हाजींनी छपरावर सोलर बसवले, तेव्हापासून तर सरांना अन्न गोड लागत नव्हते. गल्लीत आपले नाक खाली जाता कामा नये, एवढी एकच काळजी या गृहस्थांना उरली होती.

बायको मोरेनिके खानावळ चालवायची. तिला हवा होता फक्त कोंबड्यांचा डीप फ्रीझर चालू. "टोमीचे बाबा," ती म्हणाली, "इन्व्हर्टर लहान घ्या, पण बॅटऱ्या जास्त घ्या. फ्रीझर रात्रभर चालला पाहिजे."

"मॅडम बरोबर बोलतायत," दुकानदार म्हणाला.

"बॅटऱ्या ठेवतात कुठे?" सरांनी विचारले.

"आत. जिन्याखाली."

"म्हणजे दिसत नाहीत. एक पुरे. पॅनेल छपरावर असतात, ती भरपूर दे. आणि हा सगळ्यात मोठा इन्व्हर्टर. पुढच्या व्हरांड्यात लावणार आहे मी."

"आणि रात्री काय?" मोरेनिकेने विचारले.

"रात्री कोण बघायला येतंय?" सर म्हणाले. असा हा हिशेब! आणि हा माणूस तीस वर्षे मुलांना गणित शिकवत होता.

तिकडे नवी वस्तू घरी आली की ती 'धुवावी' लागते. म्हणजे शेजाऱ्यांचे घसे ओले करावे लागतात. रविवारी चर्च सुटल्यावर सगळी गल्ली सरांच्या अंगणात जमली. जोलोफ भात, काडीला टोचून भाजलेल्या मटणाचा मसालेदार सुया, थंडगार मॉल्टच्या बाटल्या. ऊन रणरणत होते आणि एसी, फ्रीझर, पंप एकदम चालू होते. सर व्हरांड्यात नवरदेवासारखे उभे होते.

"मशीन मोठं आहे खरं," अल्हाजी सुयाची काडी चोखत म्हणाले, "पण तुमच्या घरात चालवण्यासारखं आहेच काय? हत्ती पाळलाय आणि ओझं चिमणीचं!"

सरांना ते झोंबले. "मग आणा ना! तुमच्या घरातलं जे जड असेल ते आणा! बघा पेलतो की नाही!"

फुकटच्या विजेचे आमंत्रण कुणाला दोनदा द्यावे लागते का? मासळीवाली इया कुदी आपला अख्खा फ्रीझर हातगाडीवर घालून आली. मॉल्टवाल्याने दुकानातला आणला. अल्हाजींनीही मागच्या खोलीतला आणवला. "माझ्या बिचाऱ्या इन्व्हर्टरला हा झेपत नाही, सर." बैठकीत बसायला जागा उरली नाही, पण सगळे चालले. टाळ्या पडल्या. हरभऱ्याच्या झाडावर चढलेले सर म्हणाले, "राहू द्या इथंच! आपलंच घर समजा!"

सूर्य मावळला आणि लोक हात धूत असतानाच एकुलत्या एका बॅटरीने राम म्हटला. घर काळोखात गेले. बैठकीत पाणी ठिबकू लागले.

"यांचे मासे नासले ना, तर उद्या गल्ली आपल्या उंबऱ्यावर बसेल," मोरेनिके दात खाऊन म्हणाली. "मग सांभाळा नाक!"

सर मागच्या दाराने सटकले आणि त्यांनी भंगारात निघालेला जुना जनरेटर ओढून सुरू केला. फट् फट् फट्! दिवे आले, फ्रीझर घुरघुरले. धूर थेट अंगणात आला.

"सर, आवाज कसला हो?" इया कुदीने विचारले.

"इन्व्हर्टरचा," सर ठासून म्हणाले. "लहान इन्व्हर्टर मुके असतात. मोठा गरजतो."

ज्या गावात रांगते पोरसुद्धा आवाजावरून जनरेटर कुणाचा ते सांगते, तिथे ही थाप! सगळ्यांनी एकदा बैठकीतल्या आपापल्या फ्रीझरकडे पाहिले.

"सुभानल्ला!" अल्हाजी म्हणाले. "वाघ आहे, वाघ!"

"माझा नुसता उंदीर होता तर!" इया कुदी तोंडावर हात धरून म्हणाली. मॉल्टवाला तर सरांच्या पाया पडला.

फ्रीझर कुणीच परत नेले नाहीत. उलट आणखी दोन आले. रोज संध्याकाळी वाघ गरजायचा आणि सरांचे पेट्रोल प्यायचा. एवढ्या फ्रीझरपुढे जनरेटरला एसी काही ओढेना, म्हणून सर बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत. खरे सांगायची सोय नव्हती. सांगितले असते तर फ्रीझर गेले असते, पण नाकही गेले असते.

एका संध्याकाळी गर्जना मध्येच थांबली. सरांनी डोळे मिटून घेतले. लगेच दार वाजले.

"सर, वाघ गप्प झालाय," इया कुदी म्हणाली. "माझ्या मासळीला घाम फुटलाय."

तिच्यामागे गल्ली उभी होती. स्वतःच्या पंख्याखालून ताजेतवाने होऊन आलेले अल्हाजी काळजीने म्हणाले, "भूक लागली असेल हो त्याला."

सरांनी मुकाट्याने अंगावर घोळदार अगबादा झगा चढवला, पेट्रोलचा रिकामा कॅन आत दडवला आणि ते पायऱ्या उतरले. कॅनने अगबादा गरोदर बाईसारखा पुढे आला होता. गल्लीने आदराने दुभंगून वाट दिली, वाकून नमस्कार केले, आणि त्या पोटाकडे एकानेही पाहिले नाही.