कोंडाजीमामा समुद्रावर जातात

"आई, तुला टोपी घालू का? मोठ्ठी, उन्हाची?"

हे ऐकून सुवर्णा कणकेचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक बोटभर बाई उभी होती. तिचं नाव सुवर्णा. शेजारी बोटभर ललित, बोटभर मनीषा आणि मागे त्यांचं टुमदार घर.

"घाल," सुवर्णा म्हणाली. "आणि बाबांचा तो टाय काढ आधी. समुद्रावर कोण टाय लावतं?"

हा गेम घरात आला तेव्हा तिनं नाक मुरडलं होतं. माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं, वेळेवर जेवायला घालायचं, नोकरीवर पाठवायचं, आल्यावर झोपवायचं. "हे तर मी रोज करते. त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो?" असं ती मुलीला म्हणाली होती. पण परवा मनीषानं कोपऱ्यावरच्या इसाकभाईंच्या सायबर कॅफेतून त्याच गेमची नवी सीडी आणली. तिच्यात सुट्टी होती. त्या बोटभर माणसांना फोन करून गाडी मागवायची आणि समुद्रावर, जंगलात नाहीतर बर्फात घेऊन जायचं.

"आणि मागे घराचं काय?" सुवर्णानं विचारलं होतं.

"काही नाही. आपण सुट्टीवर असेपर्यंत घरचा वेळ थांबतो."

"म्हणजे कुणी येत नाही? पाहुणे वगैरे?"

"कसे येतील? वेळच थांबलाय ना!"

सुवर्णा तेव्हा खुर्चीवर बसलीच. असली सोय कुणाला तरी सुचली, याचंच तिला भरून आलं.

कारण सुवर्णाचं घर पंचवटीत होतं. रामकुंड हाकेच्या अंतरावर, वणीला जाणारा रस्ता दारावरून, त्र्यंबकेश्वर जवळ आणि शिर्डीही काही लांब नाही. देवांनी तिच्या घराला चारी बाजूंनी वेढा दिला होता आणि देवाला निघालेला प्रत्येक नातेवाईक मुक्कामाला तिच्याकडेच उतरायचा. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे गाद्या घालणं आणि गाद्या काढणं. लग्नानंतर दोघं सापुताऱ्याला गेली होती, तीही दुसऱ्याच दिवशी परत आली. चांदवडचे कुणीतरी कुलूपबंद दारासमोर बसलेत म्हणून शेजारणीचा फोन आला होता. त्यानंतर सुवर्णाची एकच इच्छा होती. समुद्रासमोर चार दिवस बसायचं आणि कुणाला चहा विचारायचा नाही.

या मे महिन्यात ते जमून आलं होतं. ललितनं मुरुडला समुद्रासमोरची खोली सांगून ठेवली होती. शुक्रवारी पहाटेच्या एस.टी.चं आरक्षण झालं होतं. बॅगा भरून पलंगाखाली सरकवल्या होत्या. सुवर्णानं खरीखुरी उन्हाची टोपीसुद्धा आणली होती आणि घरात कुणी नसताना ती आरशासमोर घालून पाहिली होती.

बुधवारी संध्याकाळी देवळ्याहून कोंडाजीमामांचा फोन आला. कोंडाजीमामा म्हणजे ललितचे सख्खे मामा. उन्हाळी कांदा साठवणीच्या चाळीत भरून झाला होता, हात मोकळे होते, तेव्हा मामींना घेऊन त्र्यंबकला जाऊन यावं असं त्यांच्या मनात आलं होतं.

"या ना मामा, घर तुमचंच आहे," ललित फोनवर म्हणाला आणि फोन ठेवून बायकोच्या नजरेला नजर न देता उभा राहिला.

"सांगितलं का नाही, आम्ही निघालोय म्हणून?"

"अगं, कसं सांगू? त्यांना वाटेल, घालवून देतोय. लहानपणी अख्खी सुट्टी मी त्यांच्या घरी काढलीय. आणि एकाच रात्रीचा तर प्रश्न आहे. उद्या त्र्यंबक करतील, उद्याच संध्याकाळच्या गाडीनं देवळ्याला जातील. आपण परवा निघणार!"

त्याच रात्री मामा-मामी आले. गुरुवारी सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून मामा त्र्यंबकला निघाले, ते बाहेरच्या खोलीतून जाताना मनीषाच्या खुर्चीमागे थांबले.

"हे काय शे?" त्यांनी विचारलं.

"ही आई, आजोबा. हे बाबा. सुट्टीला निघालेत समुद्रावर."

"तुझी माय? एवढीशी?" मामा वाकले. "आन् मी कुठं हाय?"

मनीषा आनंदानं कामाला लागली. पांढऱ्या मिशा सापडल्या, टक्कलही सापडलं; धोतर मात्र त्या गेममध्ये कुणी शिवलेलं नव्हतं, म्हणून मामांना पट्ट्यापट्ट्यांची पॅंट चढवली. मामींना पंजाबी ड्रेसच्या जवळपास जाणारं काहीतरी मिळालं. मग दोघांना ठेवायचं कुठं, असा प्रश्न आला, तेव्हा मनीषानं त्यांना सरळ सुवर्णाच्या घरात राहायला आणलं.

"अगं, तिथं कशाला?" सुवर्णा स्वयंपाकघरातून ओरडली.

"आई, दुसरं घर बांधायला वेळ लागतो. आणि आता सुट्टीलासुद्धा पाचही जण जाणार. एका घरातले ना!"

सुवर्णानं हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं. म्हणजे तिथंही पाहुणे!

गाडी आली, पाचही जण समुद्रावर उतरले. मामा स्टूल ओढून बसले आणि माउस हातात आल्यावर त्यांना त्र्यंबकचा रस्ता आठवेना. त्यांचा माणूस वाळूत किल्ला बांधू लागला, त्यांचा माणूस पाण्यात उतरला, त्यांच्या माणसानं बक्षिसाची बाहुली जिंकली. एवढ्यात तो गुडघे आवळून नाचायला लागला.

"ह्याला काय झालं?"

"आजोबा, त्याला बाथरूमला पाठवा! लवकर!"

"कुठं हाय बाथरूम?"

पण उशीर झाला होता. भर समुद्रकिनाऱ्यावर, चारचौघांत, कोंडाजीमामांच्या माणसानं पॅंट ओली केली आणि तोंड झाकून उभा राहिला. मामा लालबुंद झाले. त्यांनी आधी मागे वळून मामी बघतायत का ते पाहिलं. गोजराबाईमामी बघतच होत्या.

"आवो, आता म्हातारपणी हे!" त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"पुन्हा ने मला समुद्रावर," मामा मनीषाला म्हणाले. "असं तोंड काळं करून मी घरी जायचा नाय."

त्र्यंबक राहिलंच. "देव कुठं पळून जातो का?" मामा म्हणाले. दुपारी त्यांनी समुद्रावर गेलेली अब्रू परत मिळवली आणि मग माणसाला बर्फात नेलं. संध्याकाळी मामींनी हाताला धरून उठवलं तेव्हा कुठे ते नाइलाजानं पिशवी घेऊन दारात आले.

सुवर्णाचा आनंद गगनात मावेना. तिनं मामींना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, वाकून नमस्कार केला आणि त्या आनंदाच्या भरात सवयीनं म्हणून गेली, "एवढी काय घाई आहे, मामा? राहा की अजून दोन दिवस!"

हे वाक्य ती लग्न झाल्यापासून प्रत्येक पाहुण्याला दारात म्हणत आली होती. त्यावर पाहुण्यानं "नको नको, घरी कामं पडलीत" म्हणायचं असतं. मग आपण "बरं, पुन्हा या" म्हणायचं असतं. घरोघरी हा व्यवहार असाच चालतो आणि आजवर त्यात कुणाचं वाकडं झालेलं नव्हतं.

मामांनी चपलेतला पाय बाहेर काढला. "एवढा आग्रह करती तर राहतो बापा. तसाबी माझा माणूस तिकडं बरफात उभा हाय."

आणि ते कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.

ललितनं बायकोकडे पाहिलं. सुवर्णानं स्वयंपाकघर गाठलं आणि कांदा चिरायला घेतला. भाजीला कांदा लागणार नव्हता, पण डोळ्यांतल्या पाण्याला काहीतरी कारण हवं होतं. मागोमाग मामी आल्या. त्या कांद्याच्या गावच्या. कांद्याचं पाणी कुठलं आणि मनातलं कुठलं, हे त्यांना कोण शिकवणार?

"काय झालं गं?"

"काही नाही, मामी."

अंथरुणाची गादी काढायला म्हणून मामी पलंगाखाली वाकल्या आणि त्यांच्या हाताला बॅगा लागल्या. एका बॅगेवर ती टोपी होती, पडद्यावरच्या सुवर्णानं समुद्रावर घातली होती तशीच. टोपी हातात धरून मामी बाहेरच्या खोलीत गेल्या.

"आवो, ती खोटी माणसं सोडा. ही खरी माणसं निघालती समुद्रावर. आन् आपण बसलो त्यांच्या उरावर!"

मामांनी माउस खाली ठेवला. त्यांचा चेहरा समुद्रावरच्या त्या प्रसंगापेक्षाही पडला. "ललित, लेकरा, सांगायचं नाय का? मी काय परका हाय?" मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. "तुमी जा खुशाल. घर आमी पाहतो. लय मजेत राहतो आमी!"

आणि खरंच, शुक्रवारी पहाटे तिघं निघाली. मुरुडला सुवर्णा टोपी घालून चार दिवस वाळूत बसली. लाटा आल्या आणि गेल्या. एकीलाही तिनं चहा विचारला नाही. इतकं सुख झालं की दुसऱ्या दिवशी ती उगीचच ललितच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत राहिली.

पाचव्या दिवशी तिघं घरी आली तेव्हा दार मामांनीच उघडलं. खांद्यावर टॉवेल, डोळे खोल गेलेले.

"या, या. पाणी देतो, बसा," ते म्हणाले. पण बसायला जागा नव्हती. येवल्याच्या नवसाबाईआत्या, त्यांच्या दोन सुना आणि नातवंडं अशी बाहेरची खोली भरली होती. वणीचं दर्शन करून सगळे सुवर्णाकडे उतरले होते.

"मामा, गेम खेळलात की नाही?" ललितनं विचारलं.

"कुठला गेम? माझा माणूस अजून बरफातच हाय. सकाळपासून च्या, पोळ्या, गाद्या... तुझी मामी तर लाटून लाटून वाकली." मामांनी सुवर्णाला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "ही मंडळी काल निघालती. मी दारात आपलं म्हणलं, राहा की दोन दिस. तर राहिली ना! असं कुठं असतं का गं, सूनबाई?"

सुवर्णाला हसू आवरेना. मामी मात्र पिशवी भरून तयारच होत्या. नवऱ्याला पुढे घालून त्या दारात आल्या. सुवर्णानं हळदीकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला आणि तिचं तोंड आपोआप उघडलं.

"एवढी काय घाई आहे, मा—"

मामींनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "पुढचं बोलू नको, बाई. तुझ्या पाया पडते."

तोवर मामांचा एक पाय चपलेबाहेर आला होता.