फक्त एक घंटी

हेडक्लार्क घरून निघाले ते फक्त एक घंटी आणायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

घंटी हवी होती वहिनींच्या सायकलला. वहिनी म्हणजे हेडक्लार्कांची बायको. गल्लीत सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, आणि हेडक्लार्कांना हेडक्लार्क. (पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांचा असा दरारा आहे की त्यांच्या सहीशिवाय तिथला नळसुद्धा गळत नाही.) वहिनींची सायकल माहेरून आलेली. तिच्यावर त्या रोज ग्रंथालयात कामाला जात, येताना भाजी आणत, आणि एकदा पाय मुरगळलेल्या हेडक्लार्कांनाही त्यांनी कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेऊन आणलं होतं. तिच्या घंटीची टोपी पडली. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, सायकलच घेऊन जा. घंटी बसवूनच आणा. दुसरं काही करू नका."

शेवटचं वाक्य त्यांनी उगाच नाही घातलं. संसार मुरलेला होता.

दुकानदारानं आधी जुन्या सायकलीकडे पाहिलं, डॉक्टर छातीच्या फोटोकडे बघतात तसं. मग हेडक्लार्कांकडे पाहिलं. मग त्यांच्या पायांकडे.

"साहेब, रागावू नका, पण हे पाय सायकलस्वाराचे आहेत."

हेडक्लार्क जागच्या जागी विरघळले. आजवर त्यांच्या अक्षराचं कौतुक झालं होतं, टिपणीचं झालं होतं, पण पायांचं? लग्न जुळवतानासुद्धा दोन्ही घरांतून कुणी त्यांच्या पायांचा विषय काढला नव्हता!

"हो का?" ते म्हणाले आणि नकळत पोटऱ्या ताठ केल्या.

संपलं. तिथून पुढे घोडं थांबलंच नाही. दुकानदारानं वरच्या आकड्यावरून एक लालभडक सायकल उतरवली आणि दोन बोटांवर धरून दाखवली. हेडक्लार्कांनीही दोन बोटांवर धरली. अहाहा! पिसासारखी! तिच्यावर बसून पाहिलं तर सीट इतकी अरुंद की बसलोय की टोचून घेतोय ते कळेना. "त्यासाठी गादीची चड्डी येते," दुकानदार म्हणाला. गादीची चड्डी आली. चड्डीवर घट्ट जर्सी आली. वेगात डोळ्यांत चिलटं जातात म्हणून गॉगल आला, हाताला घट्टे पडतात म्हणून हातमोजे आले, हेल्मेट तर हवंच. आणि शेवटी आले ते बूट.

"याच्या तळाला ही खिट्टी आहे, साहेब. पेडलवर पाय ठेवला की खट्! बूट पेडलला पक्का. पाय आणि सायकल एकजीव!"

"एकजीव!" हेडक्लार्क आरशासमोर पुटपुटले. त्या वेळी ते गॉगल कपाळावर चांगला दिसतो की डोळ्यांवर, हे बघत होते. त्यामुळे "सोडवताना टाच अशी बाहेर झटकायची" हे दुकानदाराचं पुढचं वाक्य त्यांच्या हेल्मेटवरून निघून गेलं. "खिट्टी कशी ठेवू? सैल की—" एवढं मात्र त्यांना ऐकू आलं.

"टाइट!" हेडक्लार्क गरजले. "एकदम टाइट!" (सैल कारभार त्यांना कचेरीतही खपत नाही.)

जुनी सायकल बदल्यात देऊन, नवी हातात धरून ते पायरी उतरले, तेव्हा त्यांना काहीतरी आठवलं. "अरे हो, घंटी?"

"छे छे साहेब! असल्या सायकलला घंटी लावत नाहीत. वजन वाढतं."

हेडक्लार्कांनी स्वतःच्या जर्सीतून डोकावणाऱ्या पोटाकडे बघत गंभीरपणे मान डोलावली. वजनाच्या बाबतीत हयगय नको.

घरी वहिनी दारातच होत्या.

"घंटी कुठाय?"

"घंटीचं काय घेऊन बसलीस! ही बघ!"

"माझी सायकल कुठाय?"

हेडक्लार्कांनी गॉगल कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"अहो, मी काय विचारतेय? माझी सायकल बदल्यात दिलीत? माझी? मला न विचारता?" आवाज चढला नव्हता, आणि तीच धोक्याची खूण होती. वहिनींनी नव्या सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "हिला कॅरिअर कुठाय?"

"नसतं."

"स्टॅण्ड?"

"नसतो."

"मडगार्ड?"

"नसतं गं!"

"मग आहे तरी काय हिला?"

"वेग!"

"वेगाला भाजीची पिशवी अडकवू का मी?"

वहिनींनी तिथल्या तिथे दुकानात फोन लावला. जुनी सायकल रविवारी दुपारपर्यंत ठेवतो, मग ती भंगारात जाणार, असं दुकानदारानं कबूल केलं. वहिनींनी निकाल दिला : "रविवारपर्यंत हिच्यावर बसून घरचं एक काम करून दाखवा. एकच. नाहीतर ही परत आणि माझी घरी."

"एक? शंभर करतो!" हेडक्लार्क म्हणाले.

पण आठवडा कसा सरकला ते त्यांनाच कळलं नाही. एकदा सीट उंच वाटली, एकदा हॅण्डल वाकडं वाटलं, एकदा ढग आले. रोज संध्याकाळी ते दिवाणखान्यात भिंतीला टेकून सायकलवर बसत, मोज्यांतले पाय पेडलवर ठेवून तोंडानं वाऱ्याचा आवाज काढत. कचेरीत मात्र हेल्मेट घालून जायचे. बसनं.

आणि रविवार उजाडला. त्या दिवशी वहिनींची धाकटी बहीण आणि तिचा नवरा चहाला येणार होते. हा साडू म्हणजे हेडक्लार्कांच्या टाचेतला काटा. तो सायकलवाला. दर रविवारी नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन येतो आणि उरलेला आठवडा ते सांगत फिरतो. जेव्हा बघावं तेव्हा त्याची सायकल मोटारीच्या टपावर बांधलेली असते, पण ते एक असो.

वहिनींनी चहासाठी दूध तापायला ठेवलं आणि ते नासलं.

"अहो, डेअरीतून दूध आणता? पाहुणे येतीलच इतक्यात. सायकलवर आणलंत तर तुमचं कामही—"

"आलोच!"

आलोच म्हणाले खरे, पण चड्डी, जर्सी, मोजे, बूट, हातमोजे, गॉगल, हेल्मेट असा साज चढवता चढवता एखादी म्हैस पाळून दूध काढता आलं असतं. शेवटी त्यांनी फाटकाचा खांब धरला, एक पाय पेडलवर ठेवला : खट्! दुसरा ठेवला : खट्! खांब सोडला.

आणि काय सांगावं! सायकल निघाली ती बंदुकीतून सुटल्यासारखी! कानात वारा, पायात विजा! गल्ली मागे पडली, बाग आली, बागेला वळसा घालणारा गुळगुळीत रस्ता आला. मधे चार माणसं उभी. घंटी तर नाही! हेडक्लार्क जिवाच्या आकांतानं ओरडले, "ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!" माणसं बाजूला झाली. हेडक्लार्कांना हसू फुटलं. कचेरीतली खुर्ची, धुळकट कपाटं, सगळं कुठल्या कुठे उडून गेलं. शाळेत असताना हात सोडून सायकल चालवायचे तेव्हाचं काहीतरी पोटात पुन्हा उसळलं. ही सायकल परत द्यायची? मरेन पण देणार नाही!

समोर डेअरी आली. त्यांनी ब्रेक दाबला, ऐटीत उजवा पाय उचलला.

पाय उचललाच गेला नाही.

डावा उचलून पाहिला. तोही नाही. सायकल डुगडुगायला लागली, जमीन वर यायला लागली. तोंडचं पाणी पळालेल्या हेडक्लार्कांनी ब्रेक सोडून दाणकन पेडल मारलं आणि डेअरी मागे गेली. थांबलो की पडलो, हे लख्ख उमगलं. म्हणजे आता थांबायचं नाही. बागेभोवती फिरायचं आणि दूध घ्यायचं.

दुसऱ्या फेरीला ते डेअरीसमोरून जाताना ओरडले, "मावशीऽऽ, दूऽऽध!"

डेअरीवाल्या मावशी काउंटरमागून वाकेपर्यंत ते वळणावर दिसेनासे झाले. पुढच्या फेरीला मावशी पायरीवर उभ्या.

"किती देऊ?"

"एक मोठी पिश—" वळण.

पुढची फेरी. "मोठी काय?"

"पिशवी! पिशवी!"

पुढची फेरी. "अहो, थांबा की जरा!"

"थांबता आलं असतं तर—" वळण.

बागेतल्या बाकांवरची पेन्शनर मंडळी एव्हाना वर्तमानपत्रं घड्या घालून कुंपणापाशी आली होती. "सराव चाललाय," एक म्हणाले. "या वयात!" दुसरे म्हणाले. तिसरे म्हणाले, "मी म्हणत नव्हतो, पाणीपुरवठ्याच्या माणसाला दम असतोच. आपल्याला वर्षानुवर्षं फिरवतायत." आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कोपऱ्यावरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन धावत आला. पोरं मागं पळायला लागली. "ट्रिंग ट्रिंग!" हेडक्लार्क ओरडत, आणि दुतर्फा माणसं पण "ट्रिंग ट्रिंग!" ओरडत वाट देत.

त्या गलक्यातच साडूची मोटार येऊन थांबली. टपावर सायकल होतीच. तो उतरला आणि तोंड उघडं टाकून बघतच राहिला. हेडक्लार्क गेले. हेडक्लार्क पुन्हा आले. पुन्हा गेले.

"किती वेळ चाललंय हे?" त्यानं पेन्शनरांना विचारलं.

"पहाटेपासून असावं," एकानं मोठ्या विश्वासानं सांगितलं. (ते स्वतः नुकतेच उठून आले होते.)

"साडूभाऊ! कमाल! उतरत नाही तुम्ही!" साडू ओरडला.

"नाहीच उतरत!" हेडक्लार्क कळवळून म्हणाले. साडूला तो निर्धार वाटला.

शेवटी मावशींना युक्ती सुचली. त्या पिशवी हातात लांब धरून रस्त्याच्या कडेला वाकून उभ्या राहिल्या. हेडक्लार्क आले, हात पुढे झाला, झप्प! पिशवी हॅण्डलला! बागेत असा जल्लोष झाला की पाखरं उडाली. पिशवी गुडघ्यावर आपटत होती, पोटऱ्या जळत होत्या, पण आता फक्त घर!

फाटकापाशी वहिनी आणि मोटारीतून उतरून चालत पुढे आलेली त्यांची बहीण उभ्या होत्या. हेडक्लार्कांनी जाता जाता पिशवी वहिनींच्या हातात सोडली. "हे घे! काम झालं!"

"अहो, मग उतरा ना! चहा टाकते!"

ते बागेला वळसा घालून पुन्हा गल्लीत आले आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या साडूला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजले, "उतरता येत नाही!" वेगातली कुजबुज म्हणजे सापाचा फूत्कार. वहिनींना ओ की ठो कळलं नाही.

"काय म्हणाले गं भावजी?" बहिणीनं विचारलं.

पुढच्या फेरीला वहिनींनी नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे पाहिलं. आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. त्यांनी पदर खोचला. हेडक्लार्क येताच सीट पकडून त्या बरोबरीनं धावू लागल्या.

"पाय अडकलाय?"

"दोन्ही!"

"पाय नाही हो अडकला, बूट अडकलाय! बुटाचा पट्टा सोडा आणि पाय बाहेर काढा!"

हेडक्लार्क क्षणभर पेडल मारायचे थांबले. इतक्या फेऱ्या! इतका घाम! वाकून त्यांनी एक पट्टा सोडला, मग दुसरा. पाय सुटकन बाहेर आले. मोजे जमिनीला टेकले. धरणीमातेला असं कुणी कधी भेटलं नसेल!

साडू धावत आला. सायकलीच्या पेडलना लटकलेले दोन रिकामे बूट बघून त्याचे डोळे विस्फारले. "हे तर मोठमोठ्या शर्यतींत करतात! बूट पेडललाच ठेवून उतरायचं! आणि ताई, तुम्ही धावत काय होता! तुम्ही यांच्या कोच की काय?" त्यानं हेडक्लार्कांचा हात हातात घेतला. "साडूभाऊ, मी आजवर तुम्हाला ओळखलंच नाही. पुढच्या रविवारी माझ्याबरोबर पुलापर्यंत यायचं. नाही म्हणायचं नाही."

आजवर ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला होता, पण हेडक्लार्कांना मोज्यांवर उभंही राहता येत नव्हतं. त्यांनी केविलवाणं वहिनींकडे पाहिलं.

"मी येईन," वहिनी म्हणाल्या.

"तू?" बहीण, साडू आणि हेडक्लार्क एकदमच म्हणाले.

"धावताना सीट धरली होती ना मी. केवढी हलकी आहे! सोडवतच नव्हती हातातून." आणि वहिनींनी सायकलीवरून असा हात फिरवला की हेडक्लार्कांना कळून चुकलं : सायकल घरात राहणार. पण त्यांची राहणार नाही.

चहा झाला. पाहुणे गेले. दुपार व्हायच्या आत नवरा-बायको सायकल घेऊन दुकानात हजर. वहिनींनी बूट आणि ती खिट्टीवाली पेडलं काउंटरवर ठेवली. "हे ठेवा तुमच्याकडे. साधी पेडलं बसवा, मागे कॅरिअर लावा. आणि याच्या बदल्यात माझी जुनी सायकल परत द्या."

"दोन सायकली काय करणार, वहिनी?" दुकानदारानं विचारलं.

"लाल मी चालवीन. जुनी यांना होईल. पाय सायकलस्वाराचे आहेत म्हणे यांचे."

दुकानदारानं हेडक्लार्कांची नजर चुकवली. जुनी बाहेर आणली, पुसली, आणि ओशाळून खोक्यातून एक चकचकीत घंटी काढली. "ही माझ्याकडून, वहिनी. तुमच्या नव्या सायकलला. वजन बघू नका."

हेडक्लार्कांचे डोळे चमकले. आठवडाभराचा आटापिटा ज्या एका वस्तूसाठी झाला, ती अखेर समोर होती!

वहिनींनी घंटी एकदा वाजवून पाहिली, खाली ठेवली आणि लाल सायकलवर टांग मारली.

"घंटी नको. हे पुढे असतील ना!" त्या मागे वळून म्हणाल्या. "अहो, निघा. चौकात गर्दी आहे. जरा मोठ्यानं ओरडा."