हेमकांतचं चूलबंद आवतण

"रविवारच्या सभेला एकशे एक सभासद आले नाहीत ना, तर ही मिशी काढून टाकीन!"

हेमकांत हे भर बैठकीत म्हणाला, आणि म्हणताना मिशीला पीळही दिला! आता ही मिशी साधीसुधी नव्हती बरं का. लग्न ठरवायला आलेल्या सासऱ्यांनी आधी मिशी पाहिली होती आणि मग मुलगा. रनाळ्याच्या मिरची उत्पादक कंपनीत तो व्यवस्थापक म्हणून लागला, तेव्हाही अध्यक्ष बन्सीलालआप्पा म्हणाले होते की माणूस वजनदार दिसतो, ठेवून घ्या.

आप्पांना सध्या एकाच गोष्टीचा घोर लागला होता, शेडचा. रनाळ्यात मिरची सुकते ती उघड्या पथारीवर, म्हणजे मोकळ्या रानात पसरून. मागच्या वर्षी अवकाळी पाऊस आला आणि पथारीवरची लालभडक मिरची डोळ्यांदेखत काळी पडली. संचालक प्रमिलाबाईंची तर दोन एकरांची मिरची एका दुपारीत गेली. यंदा जिल्ह्याहून सुकवायची शेड मिळत होती. अट एकच: एकशे तीस सभासदांपैकी एकशे एकांनी सभेत हात वर करायचे, तेही जिल्ह्याहून मोजायला येणाऱ्या मॅडमसमोर. पहिल्या सभेला माणसं आली एकोणीस. दुसरीला तेवीस, त्यातले दोघे मोबाईल चार्ज करायला! आता तिसरी सभा शेवटची. ती हुकली की शेड दुसऱ्या तालुक्यात.

आणि अशा वेळी हेमकांत नाशिकहून परतला! दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, 'संस्थेच्या संवादात ब्लॉग आणि समाजमाध्यमांचा प्रभावी वापर'. सोबत एक प्रमाणपत्र, एक पिशवी आणि न चालणारं पेन. तिथून आल्यापासून तो घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलायला लागला. "काजल, आपण चहा घेणार आहोत का?" असं त्याने विचारलं तेव्हा बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "आहो, तुमले ताप तर नही ना?"

"आप्पा, सभासद कुठे आहेत? मोबाईलमध्ये! मग आपणही तिथेच जायला हवं," हेमकांत म्हणाला.

"जा बाबा, कोठेबी जा," आप्पा म्हणाले. "पन मानसं सभाले लई ये."

हेमकांतनं त्याच दिवशी ब्लॉग काढला. पहिला लेख बाराशे शब्दांचा, नाव 'शाश्वत मूल्यवर्धनाच्या दिशेने एक पाऊल'. सभेची तारीख कुठे होती? अगदी शेवटच्या ओळीत! तीन दिवसांत लेख एक्केचाळीस वेळा उघडला गेला. त्यातले अडतीस वेळा स्वतः हेमकांतनं, किती जणांनी उघडला ते बघायला. एक प्रतिक्रियाही आली: "छान माहिती. मोटर रिवायंडिंगसाठी संपर्क करा."

मग त्यानं फेसबुकवर कंपनीचं पान काढलं आणि सभेची नोटीस टाकली. गुलाबाची चौकट, वर उगवता सूर्य, खाली जोडलेले हात. तीनशे बारा लाईक! तो नाचतच प्रमिलाबाईंकडे गेला. त्या पथारीवर मिरची परतत होत्या.

"काकू, तीनशे बारा अंगठे आलेत!"

"आंगठा दखाडाले काय जास?" प्रमिलाबाई खराटा न थांबवता म्हणाल्या. "तुन्हा तीनशे आंगठा ऱ्हाऊ दे घरमा. माले एकशे एक हात जोयजेत. घरोघर जाईसन आवतन दिधं का तू?"

"एकशे तीस घरं, काकू! माझ्या गुडघ्यांचा विचार करा. आणि आता कोण दारोदार जातं? मी लाइव्ह जातोय."

तो तिथेच पथारीवर उभा राहून लाइव्ह गेला. "मान्यवर सभासद बंधू-भगिनींनो, सहर्ष कळविण्यात येते की..." बघायला माणसं अकरा. 'कळविण्यात येते की' ऐकल्यावर राहिली चार.

प्रमिलाबाईंना राहवेना. "अरे, हाई काय आकाशवानी लायी? ज्या भाषामा तू भांडस, त्या भाषामा बोल ना!"

हेमकांतला ते लागलं. त्यानं खाकरून घसा साफ केला आणि एकदम सुटलाच. "राम राम भाऊसवन, बहिनीसवन! मी रनाळाना हेमकांत बोली ऱ्हायनू. मांगला साल आपली मिरची पानीमा गई, ध्यानमा शे ना? यंदा शेड जोयजे का नही? मंग आईतवारले या!"

बघणारे चारशे झाले! नऊशे झाले! पडद्यावर लाल बदाम भराभरा वर जायला लागले. एवढे बदाम त्याच्यासाठी लग्नातही कोणी उधळले नव्हते. गडी तापला, मिशीवरून हात फिरवला आणि ओरडला, "तुमले सगळासले मन्हाकडथीन चूलबंद आवतन शे!"

प्रमिलाबाईंच्या हातातला खराटा खाली पडला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमच्याकडे आवतणाच्या, म्हणजे जेवणाच्या बोलावण्याच्या, पायऱ्या असतात. घरटी एक माणूस, ही साधी पायरी. आणि सगळ्यात वरची चूलबंद. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायचीच नाही! आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे यजमानाकडे जेवायला. पाहुणा घरी असला तर तोही. चूलबंद आवतण देताना भले भले शेतकरी आधी कोठी बघतात आणि मग बायकोकडे.

"काय बोलना तू? चूलबंद?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "शुद्धवर शे ना?"

"काकू, बोलायची एक पद्धत असते," हेमकांत फोन खिशात घालत म्हणाला. "फोनवरचं एवढं कोण मनावर घेतं!"

हे वाक्य कोणाचं, लक्षात आलं ना? फोनवर माणसं कशी मनावर घेतात हे शिकायला जो दोन दिवस नाशिकला राहून आला, त्याचं! त्यानं रविवारसाठी चहा सांगितला आणि तेरा पुडे बिस्किटं आणून ठेवली.

रविवारी सकाळी आठला पहिला ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत एकोणतीस माणसं, आणि सगळ्यांनी धुतलेले कपडे घातलेले. मग दुसरा आला. मग विसरवाडीकडून तीन टेम्पो, मागे रिक्षा, रिक्षात एक नवरी, कालच लग्न झालेली, कारण घरात होती ती माणसं सगळी यायलाच हवीत ना! नऊपर्यंत कंपनीच्या आवारात सहाशे माणसं. साडेनऊला आप्पांनी मोजणं सोडून दिलं आणि ते खुर्चीत डोळे मिटून बसले.

तेवढ्यात अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातून एक जीप आली. तिच्यातून पंधरा माणसं आणि एक पोतं उतरलं. पुढचा माणूस हात जोडून शाळेतल्या मराठीत म्हणाला, "मी वीरसिंग. आम्ही सभासद नाही, आमची मिरची थोडीच असते. पण तुम्ही फोनमध्ये सगळ्यांना बोलावलं. आजवर कोणत्या कंपनीनं आम्हाला जेवायला बोलावलं नव्हतं. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून घरची तूरडाळ आणली."

हे ऐकून हेमकांतनं मनातल्या मनात हिशेब केला. तेरा पुडे बिस्किटं! त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सरळ गोदामात शिरून मिरचीच्या पोत्यांमागे लपला.

आता मला सांगा, लपायला जगात जागा कमी आहेत का? पहिली शिंक त्यानं दाबली. दुसरी दाबली. तिसरीनं मात्र पत्रे हलले! सात शिंका झाल्यावर शेजारच्या मिरची कांडपाचे मालक सलाउद्दीनभाई आत आले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"मिली गया मॅनेजर! अरे भो, मिरचीना गोदाममा कोनी लपस का?"

"सलाउद्दीनभाई, मला घरी... आक्छी!... घरी जाऊ द्या!"

"घर जाईसन काय खाशी? तुन्ही चूल बी बंदच शे ना? काजलभाभी भाहेर लाईनमा बशी शे."

खरंच की! सगळी पंचाईत तिथेच होती. प्रमिलाबाई बाहेर तेच सांगत होत्या. अख्ख्या रनाळ्यात आज एकही चूल पेटलेली नव्हती, कारण आवतण रनाळ्यालाही होतं. जेवायला सगळं गाव आणि रांधायला कोणी नाही! आणि बंद ठरलेली चूल पेटवायची कशी? दिलेला शब्द मोडतो.

प्रमिलाबाईंनी हेमकांतकडे पाहिलं. नाक लाल, डोळे लाल, मिशी ओली. त्यांना बहुतेक दया आली.

"बट्टीले चूल कोठे लागस?" त्या एकदम म्हणाल्या. "गोवऱ्या पेटाडा पटांगनमा! चूल बंद ती बंदच ऱ्हाई. डाळ ह्या डोंगरना भाऊनी आनी शे. सलाउद्दीनभाई, तुमनाकडन्या लगीनन्या डेगा काढा. आनि पीठ..." त्यांनी एक रिकामं पोतं उचलून हेमकांतच्या हातात दिलं. "ज्यानी आवतन दिधं, त्यानी जावो. घरोघर."

म्हणजे गुडघे वाचवायला जो माणूस फोनमध्ये शिरला, तोच आता खांद्यावर पोतं टाकून रनाळ्यात दारोदार! दर दारात बोलणी खाल्ली. एका आजीनं पीठ दिलं, पाणी दिलं, ओट्यावर बसवलं आणि मग म्हणाली, "दोन साल जायात तुले कंपनीमा. आज पहिलांदा दारवर उना. तेबी पीठ मांगाले! मांगला साल आमनी मिरची सडनी, तवय कोनी इचारा नही रे भाऊ."

हेमकांतला खरंच लाज वाटली. "चुकनं माय," एवढंच तो म्हणाला, आणि पोतं उचलून पुढच्या दारी गेला. यावेळी मात्र त्यानं पीठ मागायच्या आधी मिरचीची चौकशी केली.

अकराला पटांगणात गोवऱ्या पेटल्या. विसरवाडीच्या बायका पीठ मळताहेत, रनाळ्याच्या बट्ट्या वळताहेत, नवी नवरी निखाऱ्यावर बट्ट्या उलटते आहे, वीरसिंगची माणसं डेगीत डाळ घोटताहेत! दोन तासांपूर्वी ज्यांची तोंडओळख नव्हती ती माणसं मीठ कमी की जास्त यावर भांडत होती. हेमकांतही उत्साहात फुंकर मारायला वाकला, जरा जास्तच वाकला, आणि चर्रर्र! मिशीची डावी बाजू साफ.

"ऱ्हायनी ती बाजू सभानंतर!" सलाउद्दीनभाई म्हणाले.

बाराला जिल्ह्याहून चारुलतामॅडम यादी घेऊन आल्या. गर्दी बघून आधी त्यांना वाटलं की पत्ता चुकला. आप्पांनी त्यांच्याही हातात वरण-बट्टीचं ताट दिलं आणि माइक घेतला. "शेड जोयजे का? हात वर करा!"

हजार हात वर! प्रत्येक हातात बट्टी! वीरसिंगच्या पंधरांनीही वर केले आणि तान्ह्या पोरांचे आयांनी धरून केले.

"सभासदांचेच हो!" मॅडम हसत म्हणाल्या. "बट्टी असू दे हातात. हात रिकामा हवा असं अटीत नाही."

त्या एकेक नाव पुकारत मोजायला लागल्या. साठ. ऐंशी. पंच्याण्णव. हेमकांतही बोटांवर मोजायला लागला. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. आणि यादी संपली! मॅडमनी पुन्हा मोजलं. शंभरच. बाकीचे कोणी सुरतेला, कोणी सोयरिकीला. सलाउद्दीनभाई सभासद नाहीत, हेमकांत तर पगारी माणूस. हजाराच्या गर्दीत एक हात मिळेना! प्रमिलाबाईंनी पथारीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हेमकांतचा हात उरलेल्या अर्ध्या मिशीवर गेला, पण त्या क्षणी त्याला मिशीचं काही वाटत नव्हतं. आजीनं दिलेलं पाणी तेवढं आठवत होतं.

"बाकीचे कुठे गेलेत ते कळलं, सत्त्याऐंशी नंबरचं मात्र कोणी सांगितलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "उखा नावाचे सभासद आहेत का?"

पार मागे डेगीच्या आडोशाला एक माणूस खाली मान घालून जेवत होता. दोन्ही हात मनगटापर्यंत वरणात. नाव ऐकून त्यानं दचकून वर पाहिलं. "मीच उखा. काय जायं?"

"हात वर करा!" हजार माणसं एकदम ओरडली.

त्यानं घाबरून दोन्ही हात वर केले. मॅडमनी त्यातला एकच मोजला. एकशे एक!

काय तो आरडाओरडा! आप्पा खुर्चीवर उभे राहिले. प्रमिलाबाईंनी हेमकांतच्या पाठीत असा धपाटा घातला की आठवी शिंक आली. तो धावत जाऊन उखाच्या गळ्यात पडला. "उखाभाऊ, वाचवलं तुम्ही! लाइव्ह बघून आले ना?"

"नही भाऊ, ते काही देखं नही मी. मन्हं विसरवाडीले मोटर रिवायंडिंगनं दुकान शे. तुमना ब्लॉग वाचीसन उनू."

हेमकांतच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सगळा वाचला?"

"सगळा वाचा. समजना नही काही. पन खाले तारीख व्हती."

सोमवारी सकाळी हेमकांत साफ गुळगुळीत चेहऱ्यानं कचेरीत आला, कारण अर्धी मिशी घेऊन माणूस किती फिरणार? आप्पांनी आधी त्याला ओळखलंच नाही. त्यानं ब्लॉग उघडला आणि नवा लेख लिहिला. फक्त तीन ओळी, अहिराणीत, आणि तारीख सगळ्यात वर: शेडचा पाया खोदायचाय, बुधवारी सगळ्यांनी या, मी घरोघरी सांगायलाही येतो आहेच.

पाच मिनिटांत पहिली प्रतिक्रिया आली.

"छान माहिती. यावेळ चूलबंद शे का नही, ते लिखेल नही. मोटर रिवायंडिंगसाठी संपर्क करा."