याओचं निलंबन आणि आखुनचा नवस

बुधवारी संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली, की रानडुकरांचा गोलंदाज याओ याला पंचाच्या अंगावर हातमोजा भिरकावल्याबद्दल पाच सामन्यांसाठी निलंबित करण्यात आलं आहे. बातमी संपायच्या आत गल्लीत फटाक्यांची माळ लागली. तैवानमधल्या तायनान शहरातली ती गल्ली झाडून सारी खवलेमांजरांची. खवलेमांजरं हा तिथला बेसबॉल संघ, आणि रानडुकरं हा ताइचुंगचा. शनिवारी मोसमातला शेवटचा सामना या दोघांमध्येच होता. जिंकेल तो पुढच्या फेरीत जाणार, हरेल त्यानं घरी बसायचं. याओनं यंदा चार वेळा खवलेमांजरांची खवलं काढली होती. असा माणूस शनिवारी नाही म्हटल्यावर लोकांनी नाचायचं नाही तर काय करायचं?

फक्त आखुन नाचला नाही. गल्लीच्या तोंडाशी त्याचं मासळीच्या पेजेचं दुकान. वीस वर्षांत त्यानं खवलेमांजरांचा एक सामना चुकवला नव्हता. पण बातमी ऐकून तो स्टुलावर मटकन बसला आणि समोरच्या भातावरच्या मांसाकडे नुसता बघत राहिला.

"काय रे, काय झालं?" त्याची बायको श्यूलुआन म्हणाली. "तुझा बाप गेला तेव्हासुद्धा तू जेवायचा थांबला नव्हतास."

"एक सांगायचं होतं."

"काय फोडलंस?"

"फोडलं नाही. नवस बोललोय."

झालं होतं ते असं. सोमवारी सकाळी आखुन गल्लीतल्या देवळात गेला आणि वांग्ये देवाला कौल लावायला बसला. अर्ध्या चंद्राच्या आकाराचे लाकडाचे दोन तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर देवाचा होकार, दोन्ही पालथे पडले तर नकार. मोठ्या कामाला सलग तीन होकार लागतात. आखुनचं मागणं एकच होतं, की शनिवारी याओ मैदानात उतरू नये. त्यानं आधी पाच फळं कबूल केली. देव नाही म्हणाला. अननसाच्या केकचे दहा खोके कबूल केले, तरी नाही. देवळासमोर तीन दिवस बाहुल्यांचा खेळ लावतो म्हणाला, तेव्हा एक होकार आला आणि लगेच एक नकार. भाजीबाजारात घासाघीस करताना माणसाला चेव येतो, तसा आखुनला आला. "एक वर्ष शाकाहार!" तो म्हणाला. होकार, होकार, होकार. जन्मात पहिल्यांदाच त्याला सलग तीन मिळाले, आणि तो उड्या मारत घरी आला.

"कर की मग शाकाहार," श्यूलुआन म्हणाली. "तुझ्या पोटाला बरंच आहे."

"तसं नाही," आखुन भाताकडे बघतच म्हणाला. "लहानपणापासून आई शिकवायची, देवासमोर नाव सांगायचं, जन्मतारीख सांगायची, पत्ता सांगायचा आणि शेवटी म्हणायचं, घरची सगळी मंडळी. जिभेला सवय गं."

"म्हणजे?"

"म्हणजे घरची सगळी मंडळी."

श्यूलुआननं हातातली पळी खाली ठेवली. तिच्या डुकराच्या मांसाच्या भातासाठी शेजारच्या दोन गल्ल्यांतून माणसं डबे घेऊन येत. ती स्वतः दिवसाला दोन वाट्या खायची आणि आयुष्यात दुसरं काही मागायची नाही.

"मला विचारलंस?"

"देवानं विचारायला सांगितलं नव्हतं."

"आणि पेजेचं काय? पहाटे चव कोण बघणार? देव?"

गुरुवारी सकाळी दोघं देवळात गेली. देवळाची देखभाल करणारे लो काका उदबत्तीची राख चाळत बसले होते. पंचवीस वर्षं ते देव आणि गल्ली यांच्यामध्ये बसलेले, त्यामुळे त्यांना दोघांचीही भीड उरली नव्हती.

"नवस देवानं पुरा केला. आता तुमची पाळी," ते म्हणाले. "पत्ता काय सांगितला होतास?"

"नेहमीचाच. तेवीस नंबरची गल्ली, घर नऊ."

"मग तिसऱ्या मजल्यावरच्या च्येन बाईही आल्या."

"काका, ती भाडेकरू आहे!"

"देवाला भाडेकरार दाखवला होतास?"

आखुननं सहा महिन्यांची सवलत मागितली. दोन्ही तुकडे उताणे पडले, म्हणजे देव नुसता हसला, होकार नाहीच. एक महिना मागितला, देव पुन्हा हसला. मग श्यूलुआन पुढे झाली आणि आपल्यापुरता भात सोडवून मागितला. तुकडे असे उताणे पडले की एक गरगर फिरत लो काकांच्या चपलेपर्यंत गेला.

"इतकं हसताना मी देवाला कधी पाहिलं नाही," लो काका कौतुकानं म्हणाले. श्यूलुआनचा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "हे बघ पोरी, नवस कशाचा होता? शनिवारी याओ उतरला नाही तर. उतरला, तर देवाचा तुमच्यावर काही हक्क नाही."

परतताना आखुन म्हणाला, "पण याओ उतरला तर आपण हरू."

"आपण म्हणजे कोण?" श्यूलुआन म्हणाली. "मी बेसबॉल खेळत नाही. मी भात खाते."

च्येन बाई शाळेत गणित शिकवायच्या. जन्म ताइचुंगचा, त्यामुळे कट्टर रानडुकरी. या गल्लीत सात वर्षं त्यांनी वेताळाच्या देवळात रामनाम घ्यावं तसे दिवस काढले होते. आखुननं सांगितलेली सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली.

"म्हणजे माझ्या याओला तुम्ही घालवलंत," त्या म्हणाल्या, "आणि वर माझं मांस बंद?"

"चुकलं, बाई."

"चुकलं तर दुरुस्त करायचं. वर्गात मी हेच सांगते." त्यांनी कपाटातून कागदांची चळत काढली. रानडुकरांच्या पाठीराख्यांनी देशभर अर्ज फिरवला होता, की याओचं निलंबन मागे घ्यावं. शुक्रवारी दुपारी शिस्त समिती बसणार होती. "तायनानमधून तीनशे सह्या हव्यात. माझ्याकडे अकरा आहेत."

शुक्रवारी पहाटेपासून आखुननं पेजेच्या प्रत्येक वाटीखाली एक कागद ठेवला. खरं कारण सांगायची सोय नव्हती. बायकोच्या भातासाठी संघ विकला, असं गल्लीला कळलं असतं तर दुकानाला आग लागली असती. म्हणून त्यानं तत्त्वज्ञान काढलं.

"खेळ म्हणजे खेळ," तो पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाला. "समोरचा लंगडा असताना कुस्ती जिंकण्यात काय राम आहे?"

"मला तर लंगडाच बरा," स्कूटरवाला म्हणाला. "तू बरा आहेस ना? ताप आहे का?"

"उद्या ते म्हणतील, याओ नव्हता म्हणून जिंकलात. जन्मभर ऐकून घेशील?"

हे मात्र लागू पडलं. स्कूटरवाल्यानं डोळे मिटून सही केली. त्याचं बघून न्हाव्यानं केली, न्हाव्याचं बघून त्याच्या तीन मेहुण्यांनी केली. नऊ वाजेपर्यंत आखुन स्वतःच स्वतःच्या बोलण्यानं भारावून गेला होता आणि मधेच आवाज कापरा करायला शिकला होता. मासळीवाल्या आजींनी तर डोळे पुसले आणि सही येत नाही म्हणून अंगठा दिला. दहा वाजता कुठून वास लागला कोण जाणे, टीव्हीवाली एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. आखुन खवलेमांजरांचा शर्ट घालून, हातात पळी धरून म्हणाला, "शत्रूचा तलवारीचा हात बांधलेला असेल तर आम्ही लढत नाही." हे वाक्य दुपारपर्यंत बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलं.

चार वाजता समितीनं निर्णय दिला. प्रतिस्पर्ध्यांच्या पाठीराख्यांनी दाखवलेली खिलाडू वृत्ती पाहून समितीचे सदस्य हेलावले होते. याओचं निलंबन पुढच्या मोसमावर ढकलण्यात आलं.

वरच्या मजल्यावर च्येन बाईंनी टाळ्या वाजवल्या. खाली श्यूलुआननं गॅस पेटवला. गल्लीत मात्र कोणी कोणाशी बोलत नव्हतं. "आपण सह्या केल्या खऱ्या," न्हावी म्हणाला, "पण ते ऐकतील असं कोणाला वाटलं होतं?"

शनिवारी दुपारी याओ मैदानात उतरला. तो किती छान खेळला हे इथे सांगण्यात अर्थ नाही. खवलेमांजरांचे गडी फळी घेऊन यायचे, हवा कापायचे आणि परत जाऊन बसायचे. आपल्या बाजूचे ढोल आधी जोरात वाजत होते, मग सावकाश, मग नुसतेच ढोलवाले उभे. दोन विरुद्ध शून्य. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा मासळीवाल्या आजींनी आपला रुमाल घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "चला, उद्याची मासळी आणायचीय." आखुन एका खांबामागे बसला होता. त्याला रडू आलं. वीस वर्षांत तो संघासाठी कितीदा तरी रडला होता, पण आपल्या हातानं हरल्याचं हे पहिलंच रडू होतं.

रविवारी सकाळी दुकानात एक माणूस फिरकला नाही. स्कूटरवाला समोरून गेला, तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं. न्हाव्यानं दुकान उघडलं आणि खुर्ची पाठमोरी वळवून बसला. आखुन भरल्या पातेल्याशेजारी उभा राहिला आणि आपण पहाटे चाखलेली पेज आज कोणाला पाजणार, याचा विचार करू लागला.

तेवढ्यात एक मोठी गाडी दुकानासमोर थांबली. आधी परवाची टीव्हीवाली मुलगी उतरली, मग कॅमेरा, मग ठेवणीतले कपडे घातलेल्या च्येन बाई. सगळ्यांच्या मागून वाकून बाहेर आला तो साडेसहा फुटांचा याओ.

त्यानं आखुनसमोर कमरेतून वाकून नमस्कार केला. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"दादा," याओ सरळ होऊन म्हणाला, "मी चुकलो होतो. घरचेसुद्धा बोलत नव्हते माझ्याशी. तुम्ही मात्र पाठीशी उभे राहिलात. ताइचुंगला परत जायच्या आधी तुमच्या हातचं खाऊन जावं म्हणून आलोय."

एवढं बोलून तो आखुनच्याच दुकानात, आखुनच्याच स्टुलावर बसला. गल्लीतली दारं एकेक इंच उघडली. न्हाव्याची खुर्ची हळूच फिरून पुन्हा रस्त्याकडे झाली. देवळाच्या पायरीवर लो काका राख चाळायची थांबले.

श्यूलुआननं पाहुण्याला भात वाढला, वर मांसाचे चार तुकडे जास्तीचे. याओनं एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि दुसरी वाटी ओढून आखुनसमोर सरकवली.

"दादा, तुम्ही पण बसा ना. एकट्यानं कसं खाऊ?"

कॅमेरा आखुनकडे वळला. आखुननं वाटीकडे पाहिलं. मग त्यानं रस्त्याकडे पाहिलं. स्कूटरवाला हातात पाना घेऊन उभा होता, आजी उभ्या होत्या, मेहुणे तिघंही उभे होते. नाही म्हणावं तर दारी आलेल्या पाहुण्याचा अपमान, तोही साऱ्या देशासमोर. आणि जेवावं, तर काल आपल्याला घरी बसवणाऱ्या माणसाच्या मांडीला मांडी लावून जेवला, हे ही गल्ली त्याच्या नातवंडांनाही सांगत बसली असती. शिवाय खरं सांगायचं तर घास त्याच्या घशाखाली उतरलाच नसता.

"माफ करा," आखुन म्हणाला. "मी शाकाहारी आहे."

श्यूलुआनच्या हातातली पळी पातेल्यात पडली. च्येन बाईंनी छताकडे पाहिलं. देवळाच्या पायरीवरून लो काका खणखणीत आवाजात म्हणाले, "देवानं ऐकलं रे, आखुन!"

"अरे वा!" टीव्हीवाली मुलगी म्हणाली. "मासळीची पेज विकणारे आणि स्वतः शाकाहारी! किती वर्षं झाली?"

आखुननं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ताच," तो म्हणाला.

"आणि घरची मंडळी?"

आखुननं तोंड उघडलं.

"तो एकटाच," श्यूलुआन म्हणाली. तिनं त्याच्यासमोरची वाटी उचलली, याओशेजारी स्टूल ओढलं आणि जेवायला बसली.