उजवीकडे सात किलो

"डोळे मिटा आणि वजन कुठल्या पायावर जास्त आहे, ते नुसतं पाहा," वर्गाच्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता, की सूनबाईच्या काळजात धस्स झालं. वाईट बातमी सांगताना डॉक्टर असंच बोलतात.

बाळंतपणापासून पाठ धरते म्हणून तिनं हा संथ हालचालींचा वर्ग लावला होता. इथं घाम गाळायचा नव्हता. साधा हात उचलायचा, पण कुठला स्नायू राबतो आणि कुठला नुसता बसून खातो, ते ओळखायचं. तिनं डोळे मिटले. सगळा भार उजव्या पायावर होता. डावा पाय पाहुण्यासारखा टेकला होता.

"बाई, मी कलंडलेय!"

"थोडंसंच. घाबरू नका."

घाबरू नका, असं कुणी म्हटलं की ती हमखास घाबरायची. घरी आल्या आल्या तिनं कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सासूबाईंना गाठलं. "आई, खरं सांगा, मी सरळ उभी आहे का?"

सासूबाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "उजवीकडे जरा झुकतेस खरी. पण ते आलीस तेव्हापासूनच हं. आमच्यावर नको ढकलूस."

तिनं आईला फोन लावला. आई ताडकन म्हणाली, "आमच्याकडून निघालीस तेव्हा काठीसारखी सरळ होतीस. त्यांना विचार!"

दोघींचं खरं मानायचं तर ती लग्नाच्या गाडीत, वाटेतच कुठेतरी कलली होती.

तेवढ्यात शेजारच्या शिंपीणकाकू शिवलेला कुर्ता घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे बॉम्ब टाकला. "अगं, मला तर वर्षभर ठाऊक आहे. तुझ्या प्रत्येक कुर्त्यात उजव्या खांद्याला मी बोटभर जाड पॅड घालते. दोन्ही खांदे सारखे दिसावेत म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुझा स्वभाव माहितीये ना! रात्रभर जागली असतीस."

सूनबाईनं कपाट उघडून एकेक कुर्ता चाचपला. सगळ्यांत पॅड. म्हणजे कपड्यांनासुद्धा माहीत होतं, फक्त तिलाच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं : जिना, आपण उजवीकडे कलतोय, तोल जातोय आणि कडेवर चौदा महिन्यांचे चिरंजीव आहेत.

त्या दिवसापासून तिनं चिरंजीवांना बेतानंच उचलायचं ठरवलं. आधी श्वास, मग पोट आत, मग मांड्या जाग्या करायच्या. पण मांड्या जाग्या होईपर्यंत चिरंजीव रांगत शेजारच्या खोलीत पोचलेले असत. शेवटी तिनं उचलणंच बंद केलं. तो हात वर करून समोर उभा राहिला, की ती खाली बसायची. "बाळा, आईच खाली येते हं. तू वर नको येऊस."

कडी घातलेल्या दाराकडे पाहावं तसा तो तिच्याकडे पाहायचा. दोन दिवस त्यानं भोकाड पसरलं. तिसऱ्या दिवशी तो तिच्यासमोर आला, थांबला, आणि हात वर न करताच आजीकडे वळला.

ते तिला पाठीपेक्षा जास्त दुखलं. तिनं मनाशी म्हटलं, आता जे काय असेल ते एकदाचं कळू दे.

रविवारी सकाळी घरातला एक आणि काकूंनी आणलेला एक, असे दोन वजनकाटे बैठकीत शेजारी शेजारी मांडले गेले. एका काट्यावर एक पाय. नवरा गुडघ्यांवर बसून आकडे वाचू लागला.

"डावा चोवीस. उजवा... एकतीस."

"सात किलोंचा फरक!" तिचा आवाज चिरकला. "काकू, तुमचा काटा खोटा आहे."

"वा गं! माझाच बरा खोटा?"

काट्यांची अदलाबदल केली. डावा चोवीस, उजवा एकतीस.

"सरक, मी दाखवतो," म्हणत नवरा काट्यांवर चढला. डावा अडतीस, उजवा अडतीस. त्यानं कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू त्याचा पुतळाच बसवणार होते. "याला म्हणतात समतोल. नाहीतर आमची भित्री भागूबाई!"

ती रडवेली होऊन पुन्हा काट्यांवर उभी राहिली. मघाशी आकडा वाचायला चुकला असेल, एवढीच आशा उरली होती. इकडे चिरंजीवांना त्या चकचकीत काट्यांचा मोह आवरेना. ते तिच्या डाव्या पायाला धरून वर चढू लागले, घसरले आणि मागे टेबलाच्या कोपऱ्याकडे कलंडले.

श्वास नाही, पोट नाही, मांड्या नाहीत. तिनं झटकन वाकून त्याला उचललं आणि डाव्या कडेवर घेतलं. त्यानं तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

"थांब! हलू नकोस!" नवरा ओरडला.

"काय झालं? काटा मोडला?"

"बत्तीस." त्यानं मान दुसरीकडे वळवली. "आणि... बत्तीस."

काकू खो खो हसत सुटल्या. "अगं वेडे, हा चौदा महिने डावीकडे लटकलेला. तोल सांभाळायला तू उजवीकडे झुकलीस. पोर खाली उतरलं, पण तुझ्या अंगाला कुणी कळवलंच नाही!"

"आणि माझं समसमान कसं?" नवऱ्यानं विचारलं.

"तू कधी काही उचललंच नाहीस," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून."

सूनबाईनं लेकाचा गाल स्वतःच्या गालाशी दाबून धरला. भीती गेली होती, असं नाही. जायची सवयच नव्हती तिला. पण आता वर्गात शिकायचं काय, ते कळलं होतं. कधी कधी उजव्या कडेवर घ्यायचं, आणि पोर खाली ठेवलं की अंगालाही तसं कळवायचं.

"सगळा पोरखेळ!" म्हणत सासूबाई कपड्यांच्या घड्यांकडे वळल्या. मग जाता जाता, कुणी बघत नाही असं पाहून, हळूच काट्यांवर चढल्या.

"आई! तुमचं उजवीकडे सहा किलो जास्त आहे!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "अगं बाई! पण माझ्या कडेवर तर कुणीच नाही!"

सगळ्यांच्या नजरा आपसूक त्यांच्या अडतीस-अडतीसच्या चिरंजीवांकडे वळल्या.

"चौथीत जाईपर्यंत हा माझ्या कडेवर होता," सासूबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "शाळेच्या फाटकापर्यंत. चालायला सांगितलं की पाय दुखायचे त्याचे."

"आई, सगळ्यांसमोर काय..."

"गप्प बस! तीस वर्षं झाली, अजून उतरला नाहीस!"

त्या संध्याकाळी सासू-सून बैठकीत शेजारी शेजारी उभ्या होत्या. डोळे मिटलेले, हात सैल, दोघी सारख्याच उजवीकडे झुकलेल्या.

"आई, डावी टाच जमिनीला टेकलीये का, ते नुसतं पाहा."

"पाहतेय. भीती वाटते गं, पडले तर?"

"मी आहे ना," सूनबाई म्हणाली. आपण हे म्हणालो, याचं तिलाच नवल वाटलं.

दारात नवरा उभा होता. उजव्या कडेवर चिरंजीव, त्यांच्या एका मुठीत त्याचे केस, दुसऱ्या मुठीत कान. दहा मिनिटांतच तो चांगला हातभर कलला होता.

"अगं आई," तो कळवळून म्हणाला, "याला किती वेळ धरायचं?"

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"चौथीत जाईपर्यंत."