स्थिर ड्रोन पद्धतीचा उगम आणि विकास

जूनच्या चौथ्या शनिवारी सकाळी अकरा वाजता, ओहायो राज्यातल्या पॅडॉक काउंटीच्या उद्यानात, तिथल्या हौशी रेडिओ मंडळाचा ड्रोन ओकच्या झाडात अडकला. जीवितहानी नाही. ड्रोन चालवत होते व्हर्लिन स्टुट्झमन, मंडळाच्या तार समितीचे प्रमुख.

माणसाची प्रगती म्हणजे शेवटी काय, तर दोरी झाडावर कशी चढवायची या प्रश्नाला काळानुरूप सापडत गेलेली उत्तरं. बाकीच्या जगाने झोपाळा टांगून हा प्रश्न निकालात काढला आणि ते पुढच्या कामाला लागलं. हौशी रेडिओवाले त्याला चिकटून राहिले. हौशी रेडिओवाला म्हणजे परीक्षा देऊन, परवाना काढून, घरच्या यंत्रावरून हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाला आपल्याकडचं हवामान सांगणारा गृहस्थ. त्यासाठी अँटेनाची तार लागते आणि ती उंच टांगावी लागते. तार जितकी उंच, तितका आवाज दूर जातो असं शास्त्र आहे. तार बुटकी असली तरी आवाज बऱ्यापैकी जातो, असंही शास्त्र आहे. पण ते मंडळाच्या बैठकीत कुणी काढत नाही.

पद्धत सोपी आहे. मासेमारीची बारीक दोरी फांदीवरून पलीकडे टाकायची, तिला जाड दोरी बांधून ओढायची, आणि जाड दोरीला तार. पहिली दोरी टाकण्याचं काम तीस वर्षं गस पावलॅक गलोलीने करत. गलोलीला शिशाचं वजन, वजनाला दोरी. सुरक्षा समितीने या कारकिर्दीचा आढावा घेतला तो असा: यशस्वी नेम, पुष्कळ. मोटारींच्या फुटलेल्या काचा, चार (पैकी तीन सदस्यांच्याच, म्हणजे घरातल्या घरात). पाद्री, एक (खांद्याला लागलं, त्याने क्षमा केली, तो त्याचा व्यवसायच आहे). मधमाश्यांचं पोळं, एक; त्याचा विषय निघाला की सदस्य कॉफी आणायला जातात. आढाव्यानंतर व्हर्लिननी ठराव मांडला, गलोलीवर बंदी आली आणि ड्रोन आला. गसना ड्रोनचे निरीक्षक नेमण्यात आलं. ड्रोन नजरेआड होऊ नये म्हणून त्याच्याकडे बघत राहणारा माणूस कायद्याने लागतो. गसच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असल्यामुळे मंडळात सर्वांत चांगली नजर त्यांचीच होती.

एरवी अडकलेल्या ड्रोनकडे पाहून माणसं हसली असती आणि जेवायला बसली असती. पण त्या दिवशी व्हर्लिनच्या जिवाला घोर होता.

काउंटीच्या आपत्ती योजनेत मंडळाचं नाव आहे. वीज, फोन, इंटरनेट सगळं बंद पडलं की निरोप पोचवायचे ते मंडळाने. त्याबदल्यात न्यायालयाच्या तळघरातली एक खोली मंडळाला मिळाली आहे. नव्या आपत्ती अधिकारी रॉबर्टा जानेचेक यांना ती खोली निवडणुकीच्या खुर्च्या ठेवायला हवी होती. जूनमधल्या त्या शनिवारी दुपारी दोनला देशभरातली मंडळं मोकळ्या मैदानात तात्पुरती केंद्रं उभारून एकमेकांना हाका मारतात. त्या दिवशी आपण पाहायला येऊ, असं जानेचेकबाईंनी कळवलं. बाहेरच्या कुठल्याही मदतीशिवाय केंद्र चालू दिसलं तर खोली राहील, नाहीतर खुर्च्या. "दोन वाजता आमचा आवाज हवेत असेल," असा शब्द व्हर्लिननी सगळ्यांच्या वतीने देऊन टाकला होता. खोली गेली असती तर दर मंगळवारी संध्याकाळी एकोणीस निवृत्त पुरुष आपापल्या घरीच राहिले असते. खोली जाऊ नये असं सदस्यांना वाटत होतंच. त्यांच्या बायकांना ते जास्त कळकळीने वाटत होतं.

सकाळी नऊला ड्रोन उडायला तयार नव्हता. आधी फोनवरचं ॲप अपडेट करा, म्हणाला. उद्यानात मोबाइलला रेंज नाही. सगळे संपर्क तुटल्यावर काम करणारं मंडळ म्हणून मुद्दाम ही जागा निवडलेली. व्हर्लिन गाडी काढून हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेले आणि अपडेट घेऊन आले. (ही बाहेरची मदत धरू नये, असा ठराव ते परत येईपर्यंत मंजूर झालेला होता.)

मग दुसरी अडचण निघाली. झाड समोर आलं की आपोआप थांबायचं, हा या ड्रोनचा मुख्य गुण. खोक्यावर तसं चित्रच आहे. झाडात दोरी टाकण्यासाठी घेतलेल्या यंत्राला झाडांची धास्ती असणं गैरसोयीचं होतं, म्हणून व्हर्लिननी तो गुण बंद केला. ड्रोन दोरी घेऊन झकास वर गेला, शेंड्यापलीकडे पोचला आणि दोरी कुठल्या फांदीवर सोडायची हे कळण्यासाठी थांबला.

"पुढच्या फांदीवर घे," मंडळाचे अध्यक्ष लोवेल ॲमस्टुट्झ म्हणाले. "तारेचं तोंड कॅलिफोर्नियाकडे हवं."

"कॅलिफोर्निया काय, कुणालाही मिळतं. मागची घे. युरोप येईल," मागून कुणीतरी म्हणालं.

"युरोपातली माणसं या वेळी आपल्याशी बोलायला बसलीयत होय?"

"टेक्सासकडे वळव," घडीच्या खुर्चीतून गस म्हणाले. "तिथल्या लोकांना वेळ असतो."

"गस, तू निरीक्षक आहेस," व्हर्लिन म्हणाले. "तू फक्त ड्रोनकडे बघायचंस."

"बघतोय की. उभा आहे बिचारा. प्रोस्टेट झाल्यापासून मला काही इतका वेळ एका जागी उभं राहता येत नाही."

मंडळात एकोणीस सदस्य आहेत आणि त्या दिवशी फांद्यांविषयी एकवीस मतं पडली. (दोघांनी मधेच बदललं.) बॅटरी संपत आली. बॅटरी संपत आली की हा ड्रोन कुणालाही न विचारता सरळ रेषेत घरी परत येतो, हा त्याचा दुसरा गुण. घर म्हणजे जिथून उडाला ती जागा. ड्रोन झाडापलीकडे, घर अलीकडे, आणि मधे झाड. झाड मधे असावं यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

"अडकला," गस म्हणाले. महत्त्वाची घटना निरीक्षकाने मोठ्याने सांगायची असते.

दोरी ओढून पाहिली. दोरी तुटून खाली आली. ड्रोन आला नाही.

पुढच्या दोन-अडीच तासांत मंडळाने सर्व उपाय क्रमाने तपासले. अग्निशमन दलाची शिडी: बाहेरची मदत. झाड हलवणं: चौघांनी हलवलं, चौघंच हलले. अध्यक्षांच्या जावयाचा ड्रोन: याला आकडा बांधून वर पाठवला, पण झाडाला घाबरण्याचा गुण बंद करण्याचा पासवर्ड फक्त जावयाला माहीत आणि जावई मासे पकडायला गेलेला. ड्रोन झाडाजवळ गेला, आतली परिस्थिती पाहिली आणि आल्या वाटेने परत आला. एका यंत्राने इतका समजूतदारपणा दाखवावा, याचा सदस्यांना राग आला.

दोन वाजले. रेडिओचं यंत्र चालू होतं, तार गवतावर पडलेली होती. वीस मिनिटांनी जानेचेकबाई आल्या. अर्धा तास उशिरा येतील असं सगळे धरून चालले होते, कारण त्या सरकारी होत्या. त्यांच्या हातात आधी डोनट देण्यात आला.

"तुमची तार कुठाय?" त्यांनी विचारलं.

"चढतेय," लोवेल म्हणाले.

त्या गवताकडे बघत राहिल्या.

व्हर्लिन गसच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"गलोल आणलीयस?"

"बंदी आहे ना तिच्यावर? तूच मांडलास की ठराव. चांगला दोन पानी होता."

"आणलीयस की नाही, तेवढं बोल."

"त्यात तू मला 'कालबाह्य' म्हणाला होतास."

"पद्धतीला म्हणालो होतो, तुला नाही."

"मग पद्धतीला विचार." गसनी पाय लांब करून खिशात हात घातला. "बायकोला वाटतं, चष्म्याचं पाकीट आहे."

सुरक्षा समितीची बैठक उभ्याउभ्या झाली. ही वस्तू गलोल नसून 'हस्तचलित दोरीवाहक' आहे, असा निर्णय एकमताने झाला.

इथे वाचकाला वाटेल की आता म्हातारा उठेल, एक डोळा मिटेल आणि अचूक नेम मारून नव्या जमान्याला धडा शिकवेल. गसचं पहिलं वजन सरळ वर गेलं आणि सरळ खाली, व्हर्लिनच्या बायको नेडीन यांच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये आलं. नेडीननी नवऱ्याकडे पाहिलं आणि भांडं गाडीत नेऊन ठेवलं. दुसरा नेम मागच्या फांदीवर होता. वजन त्या फांदीपासून बरंच लांब गेलं, अडकलेल्या ड्रोनवरून पलीकडे पडलं, आणि दोरी ड्रोनच्या दोन हातांच्या बेचक्यात जाऊन बसली. ओढून पाहिली. ड्रोन तसूभरही हलला नाही. इतकी भक्कम खुंटी सबंध काउंटीत दुसरी नसेल.

जाड दोरी गेली, तार गेली. तीनच्या आत व्हर्लिन यंत्रासमोर बसून हाक मारत होते. आयोवातून उत्तर आलं. आमचा आवाज कसा येतोय, असं त्यांनी जानेचेकबाईंच्या देखत विचारलं. "पाच-नऊ, अगदी खणखणीत," आयोवा म्हणाला. ही सर्वोच्च श्रेणी. "फक्त आपलं नाव आणि गाव पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही." (सर्वांनी सर्वांना पाच-नऊच म्हणायचं, असा या छंदातला रिवाज आहे. त्यामुळे नव्वद वर्षांच्या नोंदींत कुणाचाही आवाज कधी वाईट आलेला नाही.)

जानेचेकबाई मान वर करून झाडाकडे बघत होत्या.

"ती तार एका काळ्या वस्तूवर टांगलीय. काय आहे ते?"

अठरा सदस्यांनी आकाशाकडे, बुटांकडे आणि डोनटांकडे पाहायला सुरुवात केली. व्हर्लिनच्या डोळ्यांसमोर तळघरातली खोली आली, आणि तिच्यात एकावर एक रचलेल्या खुर्च्या.

"ड्रोन आहे, मॅडम. आमचाच."

"अडकलाय?"

"स्थिर आहे," व्हर्लिन म्हणाले. "पद्धतच आहे ती."

"म्हणजे ड्रोन वर जातो आणि तिथेच राहतो?"

"खाली आला तर तार कशावर टांगायची?"

बाईंनी डोनट संपवला. आजवर तीन मंडळं पाहिली, त्या म्हणाल्या, पण तार कशी टांगता याचं उत्तर एका वाक्यात देणारं हे पहिलंच. खोली राहिली. खुर्च्यांची सोय शाळेत झाली.

सत्याची एक सोय असते: ते एकदाच सांगून भागतं. पद्धत मात्र पुन्हा करून दाखवावी लागते. ऑगस्टमध्ये काउंटीच्या आपत्ती योजनेत 'स्थिर ड्रोन पद्धत' हे प्रकरण आलं. त्यानुसार प्रत्येक गावाला एक झाड नेमून देण्यात आलं, प्रत्येक झाडाला एक ड्रोन मंजूर झाला, आणि व्हर्लिन स्टुट्झमन मुख्य प्रशिक्षक झाले. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी राज्याचे अधिकारी प्रात्यक्षिक पाहायला येणार असं ठरलं. प्रात्यक्षिक फसलं तर खोलीचा फेरविचार होईल, हे जानेचेकबाईंनी हसून सांगितलं. ते जास्त वाईट वाटलं.

आणि ड्रोन अडकेना.

व्हर्लिननी सप्टेंबरभर प्रयत्न केले. मुद्दाम झाडात घातला की तो आपटून खाली पडे. पडणं म्हणजे अडकणं नव्हे, योजनेत तसं स्पष्ट लिहिलंय. बॅटरी संपण्याची वाट पाहावी, तर सदस्य तितका वेळ देत नसत. "कुठली फांदी?" विचारलं की अठरा जण एका सुरात "तू म्हणशील ती" म्हणत. दोरी लगेच सुटे, फांदीवर नेमकी पडे, आणि ड्रोन वरून वळसा घालून सुखरूप व्हर्लिनच्या पायाशी येऊन उतरे. यशामुळे मंडळात एकोपा झाला होता. अध्यक्षांनी एकदा जबाबदारीच्या भावनेने भांडण उकरून पाहिलं.

"मी म्हणतो, कॅलिफोर्निया," लोवेल म्हणाले.

"छान आहे कॅलिफोर्निया," युरोपवाले म्हणाले.

"टेक्सासचं काय?" व्हर्लिननी गसकडे आशेने पाहिलं.

"माझी बहीण असते कॅलिफोर्नियात," गस म्हणाले. "आणि हे बघ, वाद असा मागून होत नसतो. तो आतून यावा लागतो."

तार समितीने चौकशी करून निष्कर्ष काढला: ड्रोन अडकण्यासाठी झाड, वारा, बॅटरी या गोष्टी दुय्यम असून खाली चाललेली चर्चा हाच मूळ घटक आहे. चर्चा करणारी माणसं मंडळात आता उरली नसल्यामुळे ती बाहेरून आणायला काउंटीने मंजुरी दिली. (मत देणं ही बाहेरची मदत धरली जात नाही.)

ताजी माहिती अशी. जूनमधला ड्रोन अजून ओकमध्येच आहे. नवा ड्रोन परवा मंगळवारी पुन्हा एकही ओरखडा न येता खाली आला. व्हर्लिननी तो पुसून खोक्यात ठेवला आणि ते बराच वेळ खोक्याशेजारी बसून होते. प्रात्यक्षिक येत्या शनिवारी आहे. हवी असलेली माणसं अजून पुरेशी मिळालेली नाहीत. रेडिओची माहिती नको, ड्रोन हाताळलेला नको, ओकचं झाड आयुष्यात पाहिलेलं नसलं तरी चालेल. हे वाचता वाचता ज्यांच्या मनात "एवढं करण्यापेक्षा त्यांनी सरळ" असं येऊन गेलं आणि पुढचं वाक्यही तयार आहे, त्यांची निवड झालेली आहे. त्यांनी सकाळी दहापर्यंत झाडाखाली यावं.