खडकमाळावरचा भरलेला हंडा

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. हो, परत सिंहच. हत्तीला कुणी राजा करत नाही, त्याला मी काय करू? गप ऐका.

तर या सिंहाच्या कानावर आलं की शेजारच्या जंगलाने आपले आकडे जाहीर केले. कुणाच्या घरी किती पाणी, किती दिवे, किती धूर, सगळं. सिंहाला ते झोंबलं. शिकारीत मागे पडलेलं चालतं, बाळांनो, आकड्यांत मागे पडलेलं राजाला चालत नाही.

त्याने दवंडी पिटली. "घरोघरी मोजणी होईल! ज्या वस्तीत पाणी नसेल, तिकडे झऱ्याचा पाट वळवू!"

मोजणीला नेमला बगळा. का? तर मान लांब, कपडे पांढरे आणि चेहऱ्यावर कायम ध्यान लागल्यासारखं. साहेब व्हायला आणखी काय लागतं?

जंगलाच्या टोकाला खडकमाळ नावाची वस्ती होती. तिथे पाण्याच्या नावाने ठणठणाट. पाणी हवं तर खाली नदीवर जायचं, आणि नदीवर मगर. तिथे सगुणा नावाची साळू राहायची. साळू म्हणजे अंगभर काटे असलेली, चिमटा काढायची सोय नसलेली. तिच्या सासूचं शेपूट मगरीने नेलं होतं. त्या दिवशी सगुणाचं पिल्लू तापाने फणफणलं होतं, म्हणून ती पहाटेच जीव मुठीत धरून एक हंडा भरून आली होती. वस्तीत पाणी असं तेवढंच.

आणि नेमका तेव्हाच बगळा येतोय अशी बातमी आली.

"बरं झालं बाई!" सगुणा म्हणाली. "आता सगळ्यांनी रिकामी भांडी दाखवायची. पाट आलाच समजा."

वस्तीचे कारभारी घोरपड अण्णा उसळले. "रिकामी भांडी? राजाचा माणूस दारात येणार आणि त्याला घोटभर पाणी नाही? काय अब्रू राहील खडकमाळाची?"

"अहो अण्णा, पाणी नाही हेच तर सांगायचंय त्याला!"

"घरातलं उघडं पाडायचं नसतं, सूनबाई. तुझा हंडा आण इकडे."

"अण्णा, पोराला ताप आहे."

"दोन घोट पिऊन जाईल तो! त्याची चोच ती केवढी!"

सगळी वस्ती मान डोलवायला लागली. अब्रूचं नाव काढलं की माना आपोआप हलतात. हंडा गेला.

बगळा पहिल्या घरी आला. अण्णांचंच घर. गुळाचा खडा आला, पाणी आलं. बगळ्याने चोच खुपसली आणि पाणी असं ओढलं म्हणता! चोच बारीक असते हो, पण सरकारी होती. हा पुढच्या दाराने निरोप घेतोय तोवर हंडा मागच्या दाराने पुढच्या घरी. बिळांना मागचं दार असतंच. सशाच्या घरी तोच हंडा, मुंगसाच्या घरी तोच हंडा. बगळा प्रत्येक ठिकाणी पीत गेला.

"एकूण एक घरात भरलेला हंडा," तो खूश होऊन म्हणाला. "आणि प्रत्येकाला डाव्या अंगाला पोचा! समानता म्हणतात ती हीच. दिवे?"

"नाहीत," ससा म्हणाला.

"वा! ऊर्जेची बचत."

शेवटचं घर सगुणाचं. हंडाही तिथे आला, पण नुसता खडखडत. आत पिल्लू "आई, पाणी" म्हणून कण्हत होतं. सगुणाने हंडा बगळ्यासमोर उपडा धरला.

"बघा साहेब. नाहीये पाणी. कुणाच्याच घरी नाहीये. तुम्ही सकाळपासून माझाच हंडा प्यायलात!"

बगळ्याने एक पाय वर घेऊन विचार केला. विचार करायला त्याला एकच पाय पुरायचा.

"बाई, तुमचं घर सरासरीत बसत नाही," तो म्हणाला. "हे आम्ही गाळतो."

आणि ढेकर देऊन उडून गेला.

सगुणा रडली नाही. तिने रिकामा हंडा उचलला आणि भर वस्तीत अण्णांच्या पुढ्यात आदळला.

"अब्रू तुमची होती ना? मग आता पाणीही तुम्हीच आणा."

सगळे बघत होते. अण्णा नाही कसं म्हणणार? गेले बिचारे नदीवर.

"या, या!" मगर म्हणाली. "आत्ताच बगळा सांगून गेला, खडकमाळावर घरोघरी पाणी आहे. म्हटलं, आता आपलं कसं व्हायचं?"

"आहेच मुळी पाणी!" अण्णा ताठ्यात म्हणाले. "मी आपला पाय मोकळे करायला आलोय."

"हंडा घेऊन?"

"त्यालाही जरा हवा."

मगर आकड्यांवर विश्वास ठेवणारी नव्हती. तिचा विश्वास हंड्यावर होता. तिने अण्णांना खाल्लं.

खूप वाट पाहून सगुणा खाली गेली. हंडा काठावर पडला होता आणि मगर डोळे मिटून सुस्त पडली होती. अण्णा अंगाने चांगले भरलेले होते. सगुणाला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण हंडा तिने काठोकाठ भरला. पिल्लू पाणी प्यायलं, ताप उतरला, दुसऱ्या दिवशी हुंदडायला लागलं.

झऱ्याचा पाट सिंहाच्या गुहेमागच्या कमळांच्या तळ्याकडे वळवला. बाकी कुणाला गरजच नव्हती ना!

पुढच्या मोजणीत खडकमाळाचा पहिला नंबर आला. हंडा तोच, आणि पिणारा एक कमी. दरडोई पाणी वाढलं होतं.

तात्पर्य: प्रत्येक वस्तीत अब्रूला जपणारा एक तरी कारभारी असावा, आणि तो अंगाने भरलेला असावा. मगरीचं पोट भरतं, तेवढ्यात बाकीच्यांना पाणी भरता येतं.